सिगारेट संपेपर्यंत

सांगलीतल्या ज्या शाळेत मी विज्ञान शिकवते, तिथं तंबाखूविरोधाचं सगळं काम माझ्याकडं आहे. मी काही ते मागून घेतलं नव्हतं. नवीन आलेल्या बाईच्या गळ्यात कुणालाच नको असलेली कामं पडतात, त्यातलं हे एक. मुलांकडून शपथ म्हणून घ्यायची, भिंतीवर पोस्टर लावायची, पानाची टपरी शाळेच्या फाटकाजवळ सरकत सरकत आली की तिला मागं सरकवायची. पोस्टरवर एक सडका जबडा आहे. त्याच्या शेजारी दुसरं चित्र आहे. केस उभे केलेली चार टवाळ पोरं, एकाच्या बोटात सिगारेट, आणि मध्ये दप्तर पाठीला लावलेलं एक गरीब पोरगं. खाली लिहिलंय, वाईट संगतीपासून सावध राहा.

ते चित्र बघितलं की माझं डोकंच फिरतं. कारण माझा धाकटा भाऊ सिगारेटच्या अगदी तोंडाशी जाऊन उभा राहिला, तेव्हा तिथं एकही टवाळ पोरगं नव्हतं. तिथं आमची म्हैस होती, शेणाचा ढीग होता आणि आमचे आप्पा होते.

आमचं गाव पाटणच्या अलीकडं, नदीच्या काठाला. ऊस, दोन म्हशी आणि घरटी एक तरी माणूस फौजेत. आमच्या घरातले आप्पा, माझे वडील. हवालदार होऊन पेन्शनीवर आले तेव्हा भाऊ अजून प्राथमिक शाळेत होता. वाटलं आता घरी राहतील, तर लगेच शिरवळच्या एका कंपनीत सिक्युरिटीला लागले आणि पुन्हा आठवड्याच्या सुट्टीपुरतेच दिसायला लागले. मला निदान लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसलेलं आठवतं, भावाच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. त्याला बाप म्हणजे सुट्टीवर येणारा पाहुणा. पाहुणा आला की कपडे नीट घालायचे, पुढ्यात नीट बसायचं आणि विचारलं तेवढंच बोलायचं. "अभ्यास?" "चाललाय." "जेवलास?" "व्हय." झालं, संपलं बोलणं.

भाऊ आता अकरावीत आहे. अंगानं काडी, पण पळायला लागला की बघत राहावं. रोज पहाटे कालव्याच्या रस्त्यानं पळतो. अग्निवीरच्या भरतीला उतरायचं, ह्याशिवाय त्याच्या डोक्यात दुसरं काही नाही. सोळाशे मीटर म्हटलं की त्याचे डोळे लकाकतात. गावातली त्याच्याबरोबरची निम्मी पोरं मावा चघळतात, काही जण उसाच्या फडाआड जाऊन धूर काढतात, पण हा कधी नाही. आई तर येईल त्या बाईला सांगायची, "माजं लेकरू सुपारीचं खांड बी तोंडात घालत न्हाई." जणू पोरानं मेडलच आणलंय आणि ते भिंतीवर लावलंय.

आप्पांना मात्र सिगारेट होती. फौजेतनं येताना काळी ट्रंक, एक स्वेटर आणि सिगारेट, एवढं घेऊन आले होते असं आई म्हणते. दोन वर्षांपूर्वी त्यांना जिना चढताना दम लागायला लागला. मग नुसतं चालतानाही. शिरवळची नोकरी सोडून घरी आले. कराडच्या डॉक्टरांनी तपासलं आणि तोंडावर सांगितलं, "फुप्फुसं म्हाताऱ्याची झालीत हवालदारसाहेब. सिगारेट सोडा, नाहीतर आम्हाला सोडा." रात्री जेवताना आप्पा म्हणाले, एकदम जमणार नाही, हळूहळू सोडतो. सकाळी एक, संध्याकाळी एक, मग एकच, मग बंद.

आता त्या सिगारेटी ठेवायच्या कुणाकडं? पहिल्यांदा आईकडं ठेवल्या. अरे देवा! एक सिगारेट देताना ती दहा शिव्या द्यायची. त्यातही गंमत अशी की ही बया सकाळी तव्यावर तंबाखू भाजून, कुटून, तिची मिश्री दाताला लावत लावत आप्पांना शिव्या घालायची. मी एकदा म्हटलं, "आई, मिश्री म्हणजे पण तंबाखूच आहे." तर बोट तसंच तोंडात ठेवून म्हणाली, "गप बस. ती दातासाठी हाय." शिव्या ऐकून आप्पा वैतागले आणि टपरीवरनं सुटी सिगारेट आणून चोरून ओढायला लागले. हिशेब कुठला आणि कमी करणं कुठलं!

मग एके दिवशी आप्पाच म्हणाले, "पोराकडं द्या. कोत करू."

कोत म्हणजे फौजेतली हत्यारं ठेवायची खोली. तिची चावी एकाच माणसाकडं असते. हत्यार न्यायचं तर त्याच्याकडं मागायचं, काम झालं की त्याच्याकडं जमा करायचं. तिथं अधिकारी असो की जवान, चावीवाला म्हणेल ते ऐकायचं. आप्पांनी आपली काळी ट्रंक रिकामी केली, तिच्यात सिगारेटची पाकिटं ठेवली, कुलूप घातलं आणि चावी भावाच्या हातात दिली. भावानं ती करगोट्याला बांधली. आप्पा त्याला म्हणाले, "आजपास्नं तू कोत कमांडर. मी रडलो तरी जादा द्यायची न्हाई. समजलं?" भावानं छाती पुढं काढून "यस सर" म्हटलं, आणि आई हसून हसून खोकली.

मी त्या दिवशी घरी होते. मला ते काही पटलं नाही. मी बोलले, "आप्पा, त्याच्याकडं कशाला? एवढ्या घरात सिगारेट ठेवायला सोळा वर्षांचं पोरगंच सापडलं?"

"मग कुणाकडं देऊ?" आप्पा म्हणाले. "जेला बंदुकीचं याड न्हाई, त्येच्याच हातात कोतीची चावी देत्यात."

"आन त्यो शिवायचा बी न्हाई," आईनं लगेच शिक्का मारला. "मला म्हाईत न्हाई व्हय माजं लेकरू!"

घरात सगळ्यांत शहाणा, सगळ्यांत निर्व्यसनी, म्हणून त्याला सिगारेटींच्या शेजारी नेऊन बसवला. दुसऱ्या कुणाच्या घरात हे सुचलंही नसतं. आमच्या फौजी घरात मात्र सगळ्यांना ते इतकं सरळ वाटलं की मीच वेडी ठरले. सगळ्यांचं लक्ष आप्पांच्या छातीवर होतं. त्या पोराच्या छातीकडं बघायचं काही कारणच कुणाला दिसत नव्हतं. ती तर कालव्याच्या रस्त्यावर रोज पळत होती.

घरात धूर नको म्हणून आईनं जागा नेमून दिली होती, गोठ्याच्या मागं. तिथं भिंतीला लागून म्हशींच्या पाण्याची एक जुनी दगडी डोण पालथी पडलीय, तिच्यावर आप्पा बसायचे. संध्याकाळची धार काढून झाली की भाऊ ट्रंक उघडायचा, एक सिगारेट तळहातावर घेऊन जायचा आणि आप्पांपुढं धरायचा. आणि तिथंच उभा राहायचा. कारण नियमच तसा होता. चांदमारीत, म्हणजे नेमबाजीच्या सरावात, गोळी झाडली की रिकामी पुंगळी परत जमा करावी लागते, तसं सिगारेट संपली की थोटूक कोत कमांडरकडं जमा. हा आप्पांचाच नियम. भाऊ ते थोटूक घ्यायचा आणि शेणात खोल खुपसायचा.

म्हणजे सिगारेट पेटल्यापासून संपेपर्यंत बाप आणि लेक तिथं दोघंच. आणि काय झालं कुणास ठाऊक, आप्पा बोलायला लागले.

घरात तोंडातनं शब्द न काढणारा माणूस गोठ्यामागं बोलायचा. मी शनिवारी सांगलीहून यायची, कराडला गाडी बदलून घरी पोचेपर्यंत धारेची वेळ व्हायची. गोठ्यात शिरलं की भिंतीपलीकडनं आप्पांचा आवाज यायचा, आणि पहिल्यांदा तर मला वाटलं कुणी पाहुणा आलाय. एका खेचराची गोष्ट चालली होती. वर कुठंतरी बर्फाच्या चौकीला सामान न्यायचं होतं, वाटेत लाकडी पूल, आणि पुलाच्या तोंडाशी ते खेचर जे बसलं ते उठेचना. आप्पा त्याच्यापुढं बसले. खेचर त्यांच्याकडं बघतंय, ते खेचराकडं बघतायत. दिवस मावळायला लागला. "मग?" भाऊ म्हणाला. आप्पांनी शेवटचा झुरका घेतला, थोटूक त्याच्या हातावर ठेवलं आणि उठले. "मग काय, उद्या." आत येऊन हातपाय धुऊन पाटावर बसले ते पुन्हा मुके. मी विचारलं, "आप्पा, खेचराचं काय झालं?" तर म्हणाले, "जेव."

मला इतका हेवा वाटला त्या दिवशी, खरं सांगते. माझ्या वाट्याला कधी आली नव्हती अशी गोष्ट. आणि मला बरंही वाटलं. भावाचा चेहरा असा उजळला होता की त्याला चिडवायचंही सुचेना.

मग फोनवरही तेच. मी शाळेतनं खोलीवर आले की त्याचा फोन. "आक्का, आज खेचराचं फुडचं सांगितलं." "आक्का, चौकीवर दाढी करायची न्हाई, थंडीनं कातडं निघतंय, म्हाईत हाय का तुला?" एकदा मात्र आवाज पडलेला होता. मी विचारलं काय झालं, तर म्हणाला, "आज लय वारं हुतं. सिगारेट लवकर सपली."

मी हसले. म्हटलं, बरंच झालं की, तेवढाच धूर कमी गेला आप्पांच्या छातीत. त्यानं फोन ठेवून दिला.

पुढच्या शनिवारी मी मुद्दाम बघितलं. आप्पा डोणीवर बसले होते आणि भाऊ त्यांच्यापुढं वाऱ्याच्या बाजूला उभा होता. वारं फिरलं की हाही फिरायचा. आपल्या पाठीनं वारं अडवत होता. सिगारेट जरा उशिरा संपावी म्हणून! सुपारीचं खांड तोंडात न घालणारं आमचं पोर बापाच्या सिगारेटला आडोसा करून उभं होतं, आणि सगळा धूर त्याच्या तोंडावर. मी आईला म्हटलं, "हे बरोबर दिसत न्हाई." आई म्हणाली, "आगं, बाप-ल्योक बोलत्यात, त्येला बी तुजं पोस्टर लावतीस व्हय?"

त्याच आठवड्यात शाळेत एक तास झाला, तो मी विसरत नाही. नववीच्या वर्गात शपथ म्हणून झाली होती. सगळ्यांनी हात पुढं करून, एका सुरात, पोपटासारखी. मला त्या सुराचा राग आला. मी खडू खाली ठेवला आणि विचारलं, "खरं सांगा, तुम्हाला सिगारेट कोण देईल असं वाटतं? कुणी पुढं केली तर नाही म्हणणं अवघड जाईल?" पहिल्यांदा खिदळणं झालं. मग एक मुलगा उठला, खानापूरकडचा, वसतिगृहात राहणारा. म्हणाला, "मॅडम, दोस्ताला शिवी देऊन न्हाई म्हणता येतं. मामाला कसं म्हणायचं?"

"म्हणजे?"

"यात्रेला मटणाच्या पंगतीनंतर सगळी गडीमाणसं मळ्यात बसत्यात. आमाला पोरांत पिटाळत्यात. ह्या वर्षी मामा म्हणाला, ये रं, मोठा झालास, बस आमच्यात. जागा केली सरकून. आन फुडं केली." तो थांबला. "जागा केल्यावर कसं न्हाई म्हणायचं?"

"मग घेतलीस?"

तो खाली बसला. कुणी हसलं नाही. मी भिंतीकडं बघितलं, तिथं तो सडका जबडा होता. सरकून जागा करणाऱ्या मामाचं पोस्टर आमच्याकडं नव्हतं. मी आजवर पोरांना नाही म्हणायला शिकवत होते, आणि नाही म्हणायचं असतं ते सिगारेटला, पण त्या पोराच्या पुढं सिगारेट कुठं होती? पुढं मामा होता. त्या रात्री मी घरी फोन केला आणि आप्पांना म्हटलं, लवकर सोडा हो ती. आप्पा म्हणाले, एकावर आलोय.

आणि खरंच, त्यांनी सोडली. खंडेनवमीला आमच्या घरी विळा, कोयता, कुदळ, आप्पांची फौजेतली काठी, सगळं धुऊन पुसून पाटावर मांडतात, हळदकुंकू लावतात. आप्पांनी त्या दिवशी काळी ट्रंकही आणून पाटाशेजारी ठेवली, तिला फूल वाहिलं आणि म्हणाले, "कोत बंद. आजपास्नं हत्यार काडायचं न्हाई." आईच्या डोळ्यांत पाणी. पुरणपोळी केली होती, आप्पांना आग्रह करकरून वाढली. मीही रडले. हो, रडले, लपवायचं काय त्यात. माणूस वाचला होता आमचा.

पाकिटात थोड्या उरल्या होत्या. आप्पा भावाला म्हणाले, "टाकून दे उकिरड्यात." भाऊ "व्हय" म्हणाला. चावी त्याच्याकडंच राहिली. कोण बघायला जातंय? जो ओढत होता त्यानं सोडली, आणि दुसरा तर ओढतच नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीला मी घरी गेले तेव्हा आप्पांचा रंग उजळला होता. खिशात लवंगांची डबी, दर पाच मिनिटाला एक तोंडात. संध्याकाळी धारेची वेळ झाली की सोप्यात टीव्हीपुढं जाऊन बसायचे, बातम्या मोठ्यानं लावायचे. गोठ्याकडं फिरकायचे नाहीत. भाऊ एकटाच धार काढायचा. मला वाटलं, पोरगा जरा गप्प गप्प आहे, भरतीचं दडपण असेल.

पाडव्याच्या आदल्या दिवशी आईनं मला दुधाची बादली आणायला पाठवलं. बादली गोठ्यात दावणीशी ठेवलेली होती, म्हशी रवंथ करत होत्या, भाऊ नव्हता. मी बादली उचलली आणि सहज मागं डोकावले. तो तिथं होता. डोणीवर बसला नव्हता, त्याच्या पुढं, आपल्या नेहमीच्या जागेवर, वाऱ्याला पाठ देऊन उभा होता. आणि त्याच्या तोंडात सिगारेट होती.

"थोबाड फोडीन तुजं!" मी अशी ओरडले की म्हशी उठल्या. "लाज वाटत न्हाई? भरतीला उतरणार व्हय असा?"

तो दचकला, पण पळाला नाही. सिगारेट तोंडातनं काढून माझ्यापुढं धरली. "पेटवली न्हाई गं आक्का. बघ की."

"मग तोंडात कशाला? देवाचा परसाद हाय?"

"वास घेतुया."

"कसला वास? तंबाखूचा?"

तो खाली बघायला लागला. मग इतक्या हळू म्हणाला की मला पुढं सरकावं लागलं. "आप्पांचा."

मी बादली खाली ठेवली. माझा सगळा राग कुठं गेला मला कळलं नाही. मी रोज पोरांना सांगते की निकोटीन मेंदूत जातं, मग सवय लागते. ह्याच्या मेंदूत तर अजून काही गेलंच नव्हतं आणि ह्याला आधीच सवय लागली होती. मी विचारलं, "खरं सांग. एकदा बी पेटवली न्हाईस?"

"एकदा."

"कवा?"

"परवा. खोकला आला लय. कडू लागली." मग मला धीर द्यावा तसा म्हणाला, "पण काय झालं न्हाई आक्का. सकाळी पळालो की. तेवढ्याच टायमात आलो."

तो ते मला बरं वाटावं म्हणून बोलला, आणि मी गारठले. पहिल्या सिगारेटीनं काही होत नाही, हेच तर ती पोराला सांगते. दम लागला असता तर त्यानं स्वतःच फेकून दिली असती. ह्या पोराच्या छातीत बाप होऊन ती शिरणार होती, आणि भरतीच्या मैदानात कुठंतरी, सोळाशे मीटरच्या शेवटच्या फेरीत, तिचा खरा चेहरा दिसणार होता.

"आप्पांना सांगू नगंस," तो म्हणाला. "म्हणतील, जेला चावी दिली त्येनंच चोरली."

"हितनं हलू नगंस," मी म्हटलं आणि तरातरा सोप्यात गेले. टीव्ही बंद केला. आप्पांनी वर बघितलं, गालात लवंग.

"आप्पा, उठा. गोठ्यामागं चला."

"तिकडं नगं," आप्पा म्हणाले. "तिकडं गेलं की वढ लागती मला. म्हणून तर हितं बसतुय."

"ते म्हाईत हाय मला. तुमी सोडली, लय चांगलं केलं. पण तुमी सिगारेट सोडली आन त्येच्यासंगट पोराला बी सोडलं. त्यो रोज तितं जाऊन उभा ऱ्हातो. तुमच्या जाग्यावर तुमी नसता, तुमची सिगारेट असती त्येच्या हातात. आता तुमी ठरवा."

मी बापाशी असं आयुष्यात बोलले नव्हते. आई स्वयंपाकघरातनं पळीसकट बाहेर आली. आप्पांचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं आता ते उठून पोराला बडवणार, फौजी हात आहे त्यांचा. ते उठले, पायात चप्पलसुद्धा घातली नाही, आणि गोठ्याकडं गेले. मी मागोमाग. गोठ्यात शिरले आणि म्हशीच्या आडोशाला थांबले. भिंतीतल्या झरोक्यातनं दोघं दिसत होते.

आप्पा त्याच्यापुढं जाऊन उभे राहिले. हात पुढं केला. "चावी."

भावानं करगोट्याची चावी सोडली, पाकीट आणि ती एक सिगारेट, सगळं त्यांच्या हातावर ठेवलं. आप्पांनी सिगारेटी मुठीत चुरगाळल्या, शेणात टाकल्या आणि पायानं दाबल्या. किती वेळ दाबत होते.

"वढलीस?"

"एकदा."

"कशी लागली?"

"कडू."

"मग दुसरी कशापायी काडलीस?"

भावानं रिकाम्या करगोट्यावरनं बोट फिरवलं. आप्पांनी पुन्हा विचारलं, पण ह्या वेळी आवाजात हवालदार नव्हता.

"तुमी येत न्हाई आता," भाऊ म्हणाला.

आप्पा डोणीवर बसले. बसले म्हणण्यापेक्षा टेकले. त्यांचा हात सवयीनं शर्टाच्या खिशाकडं गेला, लवंगांच्या डबीला लागला आणि तसाच परत आला. काय करावं त्या हाताचं हे त्यांना कळत नव्हतं. बोला की आप्पा, मी मनात म्हणत होते, काय बी बोला. पण सिगारेटशिवाय त्या माणसाला बोलायची सवयच नव्हती. एक सिगारेट संपावी इतका वेळ गेला आणि ते उठले. पायांना तेवढंच ठाऊक होतं, इतका वेळ झाला की उठायचं.

"थांबा की," भाऊ म्हणाला. "खेचराचं ऱ्हायलंय."

"खेचराचं सपलं रं. उठलं ते, गेलं पुलावरनं. सांगितलं न्हवं तुला."

"मग दुसरं कायतरी."

आप्पा उभेच होते. मग पुन्हा खाली बसले. "मी पहिली वढली तवा अठराचा हुतो," ते म्हणाले. "ट्रेनिंगला. कुणाची वळख न्हाई, हिंदी येत न्हाई. दुपारच्याला उस्ताद म्हणायचा, जेला सिगारेट वढायचीय त्येनं झाडाखाली जावा, बाकीच्यांनी गवत उपटा. मग ती सगळी झाडाखाली बसायची. एकमेकाच्या गावाचं बोलायची, हसायची. मी उनात गवत उपटत बघायचो त्यांच्याकडं. आपल्या बाजूचा एक हुता त्यांच्यात, मराठी बोलायचा. लांबनं ऐकू यायचं."

"मग?"

"मग एक दिवस गेलो झाडाखाली. त्या पोरानं सरकून जागा केली." आप्पांनी तळहात चोळला, जिथं मघाशी भावानं सिगारेट ठेवली होती तिथं. "मला सिगारेट नगं हुती रं. मला तितं बसायचं हुतं."

ते बोलता बोलता थांबले आणि त्यांनी मान वर करून भावाकडं बघितलं. त्या पोराकडं, जे अजून वाऱ्याला पाठ देऊन उभं होतं, काही पेटलेलं नसताना. कितीतरी वेळ बघत राहिले. मग डोणीवर एका बाजूला सरकले आणि शेजारची जागा हातानं झाडली.

"उभा का? बस," आप्पा म्हणाले.

आईनं हाक मारली, ताटं वाढली म्हणून. पुन्हा मारली. एरवी पहिल्या हाकेला येणारे आप्पा तिथनंच ओरडले, "तुमी जेवून घ्या. आमाला येळ लागंल."